मोटर सारखी ट्रिप होते आणि टाँग टेस्टर दर वेळी वेगळा आकडा दाखवतो: काय तपासायचं

पलूस, तासगाव, वाळवा भागात विहिरींवर फिरणाऱ्या वायरमनला हे गाऱ्हाणं पाठ झालेलं असतं. "मोटर अर्धा तास चालते आणि पडते. रिले वाढवला तरी पडते. टेस्टर लावला तर एकदा नऊ दाखवतो, एकदा बारा. खरं कुठलं धरायचं?" टेस्टर म्हणजे टाँग टेस्टर, वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजायचं यंत्र; आणि रिले म्हणजे करंट जास्त झाला की मोटर पाडणारा, म्हणजे बंद करणारा, स्टार्टरमधला भाग. मग कुणीतरी रिलेचा नॉब आणखी वर नेतो. मोटर चालते, सगळे खूश, आणि ऐन उसाच्या पाळीला ती जळून रिवाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) जाते. रिलेचं सेटिंग मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरच्या वर कधीच न्यायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

नऊ आणि बारा ही दोन्ही रीडिंग खरी असू शकतात. एका वायरवर एकदा टेस्टर अडकवून मोटरचं निदान होत नाही. तिन्ही फेजचे करंट, त्याच वेळचं व्होल्टेज आणि गरज पडली तर वायरी फिरवून पुन्हा तिन्ही करंट, एवढं एकत्र समोर आलं की बिघाड लाईनीत आहे की मोटरमध्ये हे कळतं. काट्याचा साधा टाँग टेस्टर या कामाला पुरेसा आहे. माझ्या मते काही बाबतीत तो डिजिटलपेक्षा बरा आहे. डिजिटलवर आकडे नुसते नाचतात. करंट हळूहळू चढतोय, ठरावीक लयीत हलतोय की मध्येच झटका खातोय, हे काटा लगेच दाखवतो.

आधी टेस्टरची खातरजमा

काटा हलतच नाही अशी तक्रार आली की पहिल्यांदा लॉकचं बटन बघायचं. अडचणीच्या जागी रीडिंग धरून ठेवता यावं म्हणून काट्याच्या बहुतेक टेस्टरना ते दिलेलं असतं आणि पिशवीत टाकताना ते दाबलं जातं. काटा शून्यावर अडकलेला असला तर मोटर बंद आहे असं वाटतं. मागच्या रीडिंगवर अडकलेला असला तर आणखी वाईट, कारण तो आकडा खराच वाटतो. लॉक मोकळं करून काटा शून्यावर येतो का पाहायचं. नाही आला तर डायलखालचा छोटा स्क्रू बारीक पेचकसने किंचित फिरवायचा. हे करताना जबड्यात वायर नको.

काटा हलत नाही म्हणून सेल बदलणारेही भेटतात. करंट मोजायला या टेस्टरला सेल लागत नाही. आतला सेल फक्त ओहम मोजण्यासाठी असतो. करंटसाठी आत करंट ट्रान्सफॉर्मर आहे: जबड्यातून जाणारी वायर हा त्याचा एका वेढ्याचा प्रायमरी आणि जबड्यावरची बारीक तारेची कॉईल हा सेकंडरी. काटा हलवायची ताकद त्या वायरमधूनच येते. म्हणून डीसी करंटवर हा टेस्टर शून्य दाखवतो. सोलर पंपाच्या पॅनेलकडून येणाऱ्या वायरीवर तो लावून "पॅनेल करंटच देत नाही" असं ठरवू नका. डीसी मोजायला हॉल सेन्सरवाला क्लॅम्प लागतो.

जबड्यात वायर एकच हवी. थ्री फेजच्या तिन्ही वायरी, किंवा सिंगल फेजची फेज आणि न्यूट्रल एकत्र धरली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात आणि काटा शून्यावर राहतो. गोल काळ्या केबलला बाहेरून टेस्टर लावणं म्हणूनच फुकट जातं. स्टार्टरच्या आत, जिथे कोअर सुट्या झालेल्या असतात, तिथेच मोजायचं. सुट्या वायरीही एकमेकींना चिकटून असतील तर मोजायची वायर थोडी बाजूला घेऊन जबड्याच्या मधोमध ठेवा. शेजारच्या वायरीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे रीडिंगमध्ये थोडाफार फरक पडतो.

मग जबड्याचं तोंड. दोन्ही पाती जिथे भेटतात तिथे लोखंड उघडं असतं. विहिरीवरची दमट हवा, मातीचा थर, ग्रीस, गंज असं काहीही तिथे साठतं. केसाएवढी फट राहिली तरी रीडिंग कमी येतं, आणि कमी रीडिंग फार घातक, कारण ओव्हरलोड चाललेली मोटर त्यावर ठीक दिसते. टेस्टर उजेडाकडे धरून फट दिसते का बघायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. सँडपेपर मारू नका. तोंड वाकडं घासलं गेलं की फट कायमची.

टेस्टरवर शंका असेल तर घरी पडताळून घेता येतो. एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीतली फक्त फेज वेगळी काढा आणि त्यावर गिझर किंवा मोठा हीटर लावा. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो. व्होल्टेज २१० असेल तर ८ च्या आसपास. लहान लोडवर तपासायचं असेल तर तीच वायर जबड्यातून पाच वेळा फिरवून घ्या आणि आलेल्या आकड्याला पाचने भागा. जबड्यातून वायर जितक्या वेळा जाते तितका काटा जास्त चढतो. बारीक करंट मोजायला मी एरवीही हीच पद्धत वापरतो.

रेंज, आणि नऊ-बाराचं कोडं

काट्याच्या टेस्टरची अचूकता पूर्ण पट्टीच्या टक्केवारीत दिलेली असते, साधारण ३ टक्के. म्हणजे ३०० अँपिअरच्या रेंजवर ९ अँपिअरची चूक कंपनीच्या हिशेबात बसते. त्या रेंजवर ५ एचपीची मोटर मोजली तर ९ दिसलं काय आणि १२ दिसलं काय, दोन्हीला अर्थ नाही. १५ च्या रेंजवर हीच चूक अर्ध्या अँपिअरच्या आत येते. म्हणून काटा पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात येईल अशी रेंज निवडायची. नॉब ज्या रेंजवर आहे त्याच रेंजची पट्टी वाचायची. एकाखाली एक छापलेल्या पट्ट्यांत नजर घसरते, पंपघरातल्या मिणमिणत्या बल्बखाली तर हमखास. आणि डोळा काट्याच्या बरोबर समोर हवा, तिरपं बघून चालत नाही.

पण मोटर सुरू करताना टेस्टर खालच्या रेंजवर लावून ठेवू नका. डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना मोटर पूर्ण लोडच्या पाच-सात पट करंट ओढते. ५ एचपीला तो ५०-७० अँपिअरच्या घरात जातो. १५ च्या रेंजवर काटा शेवटच्या खुंटीवर आपटतो, आणि असं चार-सहा वेळा झालं की काटा वाकतो किंवा शून्यावर परत येत नाही. मोटर सुरू होऊ द्या, पाइपातून पाणी बाहेर पडू द्या, मग मोठ्या रेंजवर मोजा. त्यानंतर जबडा वायरीतून काढून नॉब खाली आणा आणि पुन्हा मोजा. सुरुवातीचा झटका या टेस्टरने मोजायचा प्रयत्नही करू नये. काट्याला तेवढा वेळच मिळत नाही.

आणि उघड्या स्टार्टरसमोर ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहू नका. कोरडी फळी घ्या. टेस्टर इन्सुलेशन असलेल्या वायरीवरच लावायचा, उघड्या लगवर किंवा पट्टीवर नाही.

तिन्ही फेज एकत्र बघा

भिलवडीजवळच्या एका विहिरीवरचं उदाहरण देतो, त्यात बहुतेक सगळं येतं. ५ एचपी सबमर्सिबल, प्लेटवर १०.५ अँपिअर, रिलेही तेवढ्यावरच लावलेला. मोटर सुमारे अर्ध्या तासाने पडत होती. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात. १५ च्या रेंजवर तिन्ही वायरींचं रीडिंग असं आलं: आर १२, वाय ९.५, बी ९.५.

हिशेब सोपा आहे. तिन्हींची बेरीज ३१, सरासरी १०.३. सरासरीपासून सगळ्यात लांब आर, फरक १.७. म्हणजे सोळा टक्क्यांच्या आसपास असमतोल. पूर्ण लोडला हा असमतोल ५ टक्क्यांच्या आत असावा, असं सबमर्सिबलच्या बाबतीत धरतात. इथे तर आर वायर प्लेटच्या वर गेलेली होती, त्यामुळे रिले बरोबरच पडत होता. कुणी फक्त वाय वर टेस्टर लावला असता तर साडेनऊ बघून "मोटर एकदम ओके, रिले खराब" म्हणून नवा रिले बसवला असता.

पुढचं पाऊल व्होल्टेज. इथे काट्याचा टेस्टर बाजूला ठेवा. ६०० व्होल्टच्या पट्टीवर दहा व्होल्टचा फरक नीट वाचता येत नाही आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि मोटर चालू असतानाच, स्टार्टरच्या इनकमिंगवर मोजा. बंद मोटरवर मोजलेलं व्होल्टेज छान दिसतं आणि काहीच सांगत नाही. त्या विहिरीवर आकडे होते: आर-वाय ३९६, वाय-बी ३८१, बी-आर ३८९.

सरासरी ३८९ च्या जवळ, सगळ्यात जास्त फरक ८ च्या आसपास, म्हणजे जेमतेम २ टक्के. एवढ्याशा फरकाने काय होतंय, असं वाटतं. पण मोटरमध्ये व्होल्टेजचा असमतोल करंटमध्ये सहा ते दहा पटीने उतरतो. २ टक्क्यांचे १६ असे झाले.

आता दोषी फेज कुठली? आर वर १२ दिसले म्हणून सगळे आर कडे धावतात. व्होल्टेज पुन्हा बघा: ज्या दोन जोड्यांत बी आहे त्या दोन्ही कमी आहेत आणि आर-वाय एकटी पूर्ण आहे. बिघाड बी मध्ये होता. एका फेजला अडथळा आला की करंट दुसऱ्याच फेजवर चढू शकतो, म्हणून फक्त टाँग टेस्टरवर फेजचा निवाडा करू नये.

मल्टिमीटर मेन स्विचच्या वरच्या बाजूला नेला तर तिन्ही जोड्या ३९५ च्या आसपास, जवळपास सारख्या. मग बी च्या किटकॅट फ्यूजच्या (पोर्सेलीनचा, हाताने ओढून काढायचा फ्यूज) दोन टोकांमध्ये मोजलं: १४ व्होल्ट. चांगल्या फ्यूजवर हे जवळजवळ शून्य असायला हवं. १४ व्होल्ट आणि साडेनऊ अँपिअर म्हणजे एकशे तीसच्या पुढे वॉट उष्णता त्या एका पितळी चिमटीत तयार होत होती. स्विच बंद करून किटकॅट काढला तर चिमटी निळसर पडलेली, स्प्रिंगचा दम गेलेला आणि पोर्सेलीन तपकिरी झालेलं. बेस आणि कॅरियर दोन्ही बदलले. त्यानंतर आर १०, वाय ९.८, बी ९.९, आणि मोटर पडायची थांबली.

मेन स्विचच्या वरच्या बाजूलाच असमतोल असता तर मात्र दोष लाईनीचा किंवा डीपीचा (ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजपेटीचा). डीपीचं दार आपण उघडायचं नाही, फ्यूज टाकायला कितीही सोपा वाटला तरी. ते काम लाईनमनचं. त्याला नुसतं "लाईट बरोबर नाही" म्हणण्यापेक्षा चालू मोटरवरचे तीन व्होल्टेज आणि तीन करंट कागदावर लिहून दिले तर कुठल्या फेजकडे बघायचं ते त्याला लगेच समजतं.

वायरी फिरवायची कसोटी

व्होल्टेज सारखं आहे आणि करंट तरी असमान, तेव्हा ही कसोटी. मेन बंद करा, मल्टिमीटरने वायरी मेल्यात का ते बघा आणि कंडेन्सर असेल तर तो डिस्चार्ज करून घ्या. मोटरच्या तीन वायरींना १, २, ३ अशी चिकटपट्टी लावा. सुरुवातीची जोडणी आर-१, वाय-२, बी-३ धरली तर दुसऱ्या खेपेला आर-३, वाय-१, बी-२ आणि तिसऱ्या खेपेला आर-२, वाय-३, बी-१. असं गोल सरकवलं की मोटरची दिशा बदलत नाही. दोनच वायरींची अदलाबदल केली तर ती उलटी फिरेल.

प्रत्येक खेपेला मोटर चालवून, पाणी स्थिर झाल्यावर तिन्ही करंट लिहून घ्या. जास्तीचा करंट दर वेळी एकाच फेजवर, समजा आर वरच, राहिला तर दोष पुरवठ्याचा: लाईन, स्विच, फ्यूज किंवा स्टार्टरचे खाल्लेले कॉन्टॅक्ट. जास्तीचा करंट वायरीबरोबर सरकला, म्हणजे २ नंबरची वायर जिथे गेली तिथेच तो गेला, तर दोष स्टार्टरच्या पुढचा, केबलमध्ये किंवा मोटरमध्ये. दोन्ही थोडेथोडे असतील तर आकडे गोंधळात टाकतात. अशा वेळी ज्या खेपेला असमतोल सगळ्यात कमी, त्या जोडणीवर मोटर ठेवायची.

तिन्ही सारखे, पण तिन्ही जास्त

इथे टेस्टरला दोष देऊ नका. पहिला संशय व्होल्टेजवर. ४१५ ऐवजी ३५० मिळत असेल तर तेवढंच पाणी उचलायला मोटर पंधरा-वीस टक्के जास्त करंट ओढते. सगळ्या शिवारात एकाच वेळी थ्री फेज येते आणि पहिल्या तासात सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू होतात, तेव्हा हे होतं. ट्रिप व्हायची वेळ रोज तीच असेल तर आधी व्होल्टेज बघा.

दुसरं कारण ऐकून शेतकरी माझ्याकडे वेड्यासारखं बघतात: विहिरीत पाणी जास्त झालं म्हणून मोटर पडते. म्हैसाळ किंवा ताकारी उपसा सिंचन योजनेचं आवर्तन सुटलं, किंवा पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली की हे सुरू होतं. पंप साठ-सत्तर फुटांवरून पाणी उचलायच्या हिशेबाने घेतलेला आणि पाणी वीस फुटांवर आलेलं. उंची कमी झाली की पंप जास्त पाणी फेकतो, आणि बोअर-विहिरींत वापरले जाणारे बहुतेक रेडियल पंप जास्त पाणी फेकताना जास्त ताकद खातात. उन्हाळ्यात मुकाट चालणारी मोटर श्रावणात पडायला लागते ती यामुळे.

याची खातरजमा जागेवरच होते. एका वायरीवर टेस्टर लावून ठेवा आणि डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायला सांगा. काटा साडेअकरावरून अकरा, साडेदहा, सव्वादहा असा खाली उतरताना डोळ्यांना दिसतो. करंट प्लेटच्या आत आला की व्हॉल्व्ह तिथेच ठेवायचा. पाणी थोडं कमी पडेल, पण मोटर टिकेल. व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून मात्र चालवू नका. सबमर्सिबल पाण्याच्या वाहण्यावरच थंड होते.

व्हॉल्व्ह आवळूनही काटा खाली येत नसेल तर आत काहीतरी घासतंय: वाळू, गेलेलं बेअरिंग, किंवा इंपेलर कुठेतरी लागतोय. उलट काटा प्लेटच्या बराच खाली येऊन फडफडत असेल तर पंप हवा ओढतोय, म्हणजे विहिरीतलं पाणी संपत आलंय.

फसवणाऱ्या जोडण्या

स्टार-डेल्टा स्टार्टरवर (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) मोटरकडे सहा वायरी जातात. त्यातली एक धरली तर डेल्टामध्ये वाइंडिंगचा करंट दिसतो, म्हणजे लाईनच्या ५८ टक्के. प्लेटवर १७ असेल तर टेस्टर १० च्या आसपास दाखवेल आणि सगळं झकास वाटेल. प्लेटशी ताडून बघायचा आकडा स्टार्टरच्या इनकमिंगवर घ्या. अशा स्टार्टरमध्ये रिले बहुतेक वेळा वाइंडिंगच्या बाजूलाच बसवलेला असतो, मग त्याचं सेटिंगही प्लेटच्या ५८ टक्क्यांवर हवं. ते प्लेटएवढं ठेवलेलं असेल तर रिले असून नसल्यासारखा.

कंडेन्सर लावलेला असेल तर त्याच्या आधी मोजलेला करंट पुढे मोजलेल्यापेक्षा कमी येतो, तो बिघाड नव्हे. कंडेन्सर जिवंत आहे का बघायला त्याच्या तीन वायरी एकेक धरा. २ केव्हीएआरचा थ्री फेज कंडेन्सर ४१५ व्होल्टला प्रत्येक वायरीत २.८ अँपिअरच्या आसपास घेतो, ३८० ला अडीच. एखादीवर काटा उठलाच नाही तर आधी तिथलं कनेक्शन बघा. ते पक्कं असेल तर कंडेन्सर गेला.

दोन फेजवर कंडेन्सरच्या जोरावर चालवलेल्या मोटरीला वरचे टक्के लावू नका, तिथे करंट असमानच असतात. सोलर कंट्रोलर किंवा ड्राइव्हच्या पुढच्या वायरींवरही काट्याच्या टेस्टरचा आकडा विश्वासाचा नाही. तिथली लहर साइन नसते आणि टेस्टरची पट्टी साइनवर आखलेली असते. तिथे ट्रू आरएमएस क्लॅम्प (लहर कशीही असली तरी खरा करंट दाखवणारा टेस्टर) वापरा किंवा कंट्रोलरच्या डिस्प्लेवरचा आकडा बघा.

वायरी फिरवल्यावर दोष मोटरबरोबर सरकला तर टाँग टेस्टरचं काम संपलं. मेन बंद करून केबल स्टार्टरमधून सोडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) प्रत्येक वायर ते अर्थ मोजा. एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटर वर काढायलाच लागेल. वर आल्यावर आधी पाण्यातला केबलचा जॉइंट कापून पुन्हा मेगर करा, मगच मोटर रिवाइंडिंगला द्या. कित्येकदा वाइंडिंग ठणठणीत असतं आणि पाणी त्या जॉइंटच्या टेपमध्ये शिरलेलं असतं.